शिमोन पेत्राचं चुकलेलं वाक्य

नगर, मंगळवार, 17 मार्च 2026

प्रिय विन्या,

सप्रेम सलाम.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते बाजूला ठेवलं असशील, चहा घेतला असशील आणि मग फोडलं असशील. तुला ओळखतो मी. पावणेदोन वर्षं झाली. फोन तीनदा हातात घेतला आणि तीनदा ठेवला, कारण फोनवर तू आधी हसतोस आणि मग मला राग येतो. म्हणून कागद.

तब्येत ठीक. साखर आहे तिथंच आहे, गुडघा पायरीपुरता कुरकुरतो. झालं.

शनिवारी चर्चच्या देवळात एक गोष्ट घडली. घरी सांगितली तर ही म्हणाली, "मग त्यात काय?" बरोबरच आहे तिचं. 1981 च्या नाटकात ती नव्हती. तू होतास.

आधी मागचं सांगतो. देवळाचं छप्पर उतरवून नवं घातलं, फरशी बदलली. वर्गणीची सात पावतीपुस्तकं मी एकट्यानं संपवली. पुण्यापर्यंत गेलो, एसटीनं, स्वतःच्या खर्चानं. (बघ, सुरू झालं. एसटीचं भाडंसुद्धा विसरलेलो नाही.) काम संपल्यावर दाराशी संगमरवरी पाटी बसवली. एकूण अकरा नावं. माझं आठवं. आणि माझ्या नावात वेलांटी चुकलेली. सातव्या नंबरावर कोण आहे ते तुला लिहीत नाही, तू नागपुरात खुर्चीवरून पडशील.

तर मी रुसलो. सरळ रुसलो. दोन रविवार देवळात गेलो नाही, गुडघ्याचं कारण सांगितलं. आता यातली गंमत ऐक. त्याच्या आधीच, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, उपदेश माझा होता. विषय काय असेल? नम्रता! बायबलमधला योहानाचा तेरावा अध्याय, प्रभू शिष्यांचे पाय धुतो तो. काय बोललो म्हणून सांगू, दोन बायांनी डोळे पुसले. जब्दीच्या पोरांची फजिती सांगितली, आईला पुढं घालून येशूच्या उजव्या-डाव्या खुर्चीचा वशिला लावायला गेले ते, आणि लोक खळखळून हसले. बाहेर आल्यावर जो तो हात हातात घेऊन म्हणत होता, "मास्तर, नम्रतेवर असं कुणी बोललं नव्हतं." आणि मी कसा फुलून घरी आलो ते मलाच ठाऊक. पुढच्याच आठवड्यात पाटी लागली.

शनिवारी दुपारी, कुणी नसेल अशा वेळी, मी पाटी बघायला गेलो. म्हणजे फोटो काढायला. चुकीच्या वेलांटीचा पुरावा नको का सभेत! दाराबाहेर गवंड्यानं सिमेंटचा राडा तसाच सोडला होता, त्यात माझा उजवा पाय चपलेसकट गेला. चपला दाराशी काढल्या आणि तसाच आत गेलो.

आत थोरले पाळकसाहेब फरशीवर बसलेले. वय 86. बाजूला रॉकेलचा डबा, हातात फडकं, आणि दहाच्या नाण्यानं सिमेंटचे थेंब खरवडत होते. का, तर रविवारी बायका खाली बसतात, साड्यांना लागेल. मी म्हटलं, अहो माणूस लावू. तर खेकसले. त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे, बोर्डिंगात त्यांची वेताची छडी आपण दोघांनी मिळून विहिरीत टाकली होती. म्हातारा गोड वगैरे झालेला नाही. अजून तसाच आहे, फक्त ऐकू कमी येतं.

मी विचारलं, "पाटीवर तुमचं नाव कसं नाही?" पहिले पैसे त्यांचे, हे सगळ्या नगराला ठाऊक आहे. नाणं थांबलं. म्हणाले, "मीच नको म्हणालो. चार महिने झाले. आणि चार महिने रोज वाटतं, कुणीतरी विचारावं, तुमचं नाव का नाही म्हणून. आज तू विचारलंस. बरं वाटलं. आता बोल, पाटीवर असतं तर काय वाईट होतं?"

मी काय बोलणार! खाली बघितलं, तर माझ्या पायाचे राखाडी ठसे दारापासून तिथपर्यंत, त्यांनी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर. त्यांनीही तेव्हाच बघितले. "उचल पाय," म्हणाले. मला वाटलं मागं सरकायला सांगताहेत. तोवर त्यांनी माझा घोटा धरला, पाय मांडीवर ओढला आणि रॉकेलच्या फडक्यानं पुसायला लागले. टाच, तळवा, बोटांच्या मधलं. तोंडानं शिव्या चालूच, "मास्तर झाला तरी पाय कुठं ठेवावा कळत नाही." मी एका पायावर बाकाला धरून उभा. पाय ओढून घ्यावा तर म्हातारा कलंडेल.

विन्या, त्या क्षणी मला शिमोन पेत्राचं, येशूला अडवणाऱ्या त्या शिष्याचं, वाक्य आठवलं. "तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत!" पंचेचाळीस वर्षांपूर्वी भर स्टेजवर जे आठवलं नव्हतं ते. तू खाली वाकून, ओठ न हलवता, तीनदा कुजबुजलास, आणि मी ठोंब्यासारखा पाय पुढं करून उभा! शेवटी वैतागून माझ्या करंगळीला असा चिमटा काढलास की "आई गं" एवढाच शिमोन पेत्राचा संवाद झाला. तुला येशू केला म्हणून मी फुटबॉल खेळून मुद्दाम चिखलाचे पाय घेऊन आलो होतो, हे तर तुला ठाऊकच आहे. मी ते कधी कबूल केलं नव्हतं. आज करतो.

शनिवारी वाक्य आठवलं, पण म्हणालो नाही.

आता खरी गोष्ट. एप्रिलच्या सभेत मला चिटणीस करायचं घाटतंय. नाही म्हणावं असं शनिवारपासून वाटतंय. पण हे "नाही" कुठलं आहे? आठव्या नंबराचा राग आहे, की खरंच मागं सरावंसं वाटतंय? की नाही म्हटल्यावर लोक म्हणतील "केवढा मोठेपणा", त्याची आत्ताच चव लागलीय? रात्री तीनला उठून बसतो. एकेक साल सोलत जावं तर आत पुन्हा मीच. म्हाताऱ्यानं ते आपल्यापुरतं बोलून टाकलं आणि परत खरवडायला लागला. मला ते जमत नाही.

2011 मध्ये तू असाच पदाला नाही म्हणालास, तेव्हा मी चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "हा नम्र नाही, भित्रा आहे. नम्रपणाचं सोंग." आणि पिंकीच्या लग्नात, जेवणाच्या पंगतीत, तेच परत विनोद म्हणून. तू ताटावरून उठलास. मी मनात म्हटलं, एवढं काय लागायचं! मला आज कळतंय की तेव्हा मी कुणाला ओळखत होतो, तर मला. तुझं "नाही" कशातलं होतं हे मला माहीत नव्हतं, आजही नाही. माफ कर म्हणायला मला इतका वेळ लागला.

तरी एका बाबतीत तुझ्याशी भांडण चालूच ठेवणार आहे. तू म्हणायचास, ख्रिस्ती माणसानं खाली मान घालून राहावं, बाकी देव बघेल. मला ते अजून पटत नाही. आमच्या आजोबांना वाड्यापुढून चपला हातात घेऊन जावं लागायचं. बाप्तिस्मा घेतल्यावर कुणा उपदेशकानं त्यांना नम्रतेचा पाठ दिला, तर म्हणाले, "साहेब, आम्ही जन्माचे वाकलेले, अजून किती वाकू?" पंडिता रमाबाईंचं बघ. कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेली बाई, वय विशीचं. इंग्लंडात चेल्टनहॅमला त्यांनी पुरुषांना शिकवू नये असं मुंबई-लाहोरच्या बिशपांचं मत पडलं, तर त्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं नाही, लिहून भांडल्या. आणि तीच बाई पुढं केडगावात दुष्काळातल्या पोरींमध्ये राहिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळ्या शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, भाषांतर केलं, तेही पंडितांच्या मराठीत नाही, अडाणी बाईला कळेल अशा मराठीत. आयुष्यभर कमावलेलं संस्कृत बाजूला ठेवायचं म्हणजे काय, हे तुझ्यामाझ्यासारख्या चार इयत्ता शिकवणाऱ्याला कळायचं नाही. ते छापून झालेलं बघायला त्या राहिल्या नाहीत, पुस्तक 1924 ला निघालं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचंही तसंच. रागीट माणूस, पण 1917 ला मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडायला निघाला. यातलं कोण मान खाली घालणारं होतं?

आणि उपदेशात मी जे वचन वाचून गेलो आणि ज्यावर एक अक्षर बोललो नाही, ते शनिवारी रात्री परत वाचलं. पाय धुण्याच्या आधी योहान काय लिहितो? पित्यानं सगळं आपल्या हाती दिलंय, आपण देवापासून आलो आणि देवाकडं जातोय, हे येशूला माहीत होतं. ते माहीत असून तो उठला, वरची वस्त्रं काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला. म्हणजे त्याला पाटीची गरजच नव्हती रे! कोण आहे ते त्याला ठाऊक होतं. आजोबांना वाकवलं होतं; हा आपणहून वाकला. आणि लूक सांगतो की त्याच जेवणावर शिष्यांची आपल्यात मोठा कोण यावरून जुंपली होती. त्याच पंगतीत! येशूला धरून देणारा यहूदाही तिथंच होता, त्याचेही पाय धुतले गेले. यहूदाला त्या वेळी काय वाटलं असेल याचा विचार करतो. माझ्यासारखंच बाकाला धरून उभा असेल.

पण मला कोण आहे ते ठाऊक नाही, ही अडचण आहे. चिटणीस, मास्तर, सात पावतीपुस्तकं, आठवा नंबर. हे सगळं काढून ठेवलं तर कमरेला रुमाल बांधायला उरतो कोण? तू सांग. तू नेहमी माझ्यापेक्षा आधी गप्प बसायला शिकलास, म्हणून विचारतो.

बरं, तुझं. वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं असं पिंकीकडून कळलं, धाकट्याला पुण्यात नोकरी लागली तेही. छान झालं. त्याला म्हणावं काकाकडं येऊन जा, नगर काही लांब नाही. घराचं भाडेकरू प्रकरण मिटलं का? सविस्तर लिही, मी इथं माझंच पुराण लावलं.

यंदा ईस्टर 5 एप्रिलला, म्हणजे नेमका रमाबाईंच्या पुण्यतिथीला. त्याच्या आधीच्या गुरुवारी, 2 तारखेला, नवे पाळक देवळात पाय धुण्याचा विधी करणार आहेत. आपल्याकडं पहिल्यांदाच. बारा जण बसवायचेत, अकरा मिळालेत, लोक लाजतात. तुझं नाव मी न विचारताच दिलंय. ये. माझ्या शेजारी बस. पाय धुऊन ये, मीही येईन.

थोरल्यांनी शनिवारी जाताना विचारलं, "तो नागपूरवाला अजून रुसलाय का?" मी म्हटलं, रुसलेला मी होतो. त्यांना ऐकू आलं नाही.

तुझा,
बाळू

ता. क. — वेलांटी दुरुस्त करायला मी सांगितलेलं नाही. फोटोही काढला नाही. पण आज सकाळी परत जाऊन बघून आलो. अजून चुकलेलीच आहे.