आरक्षणाचा प्रश्न वर्गात निघतो तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नववी-दहावीच्या राज्यशास्त्राच्या तासाला आरक्षणाचा विषय निघाला की बरेच शिक्षक ‘हे परीक्षेत नाही’ म्हणून पान उलटतात. मग तोच प्रश्न मधल्या सुट्टीत कुणाच्या तरी आडनावावर जाऊन पोहोचतो. तो वर्गातच घ्यायला हवा, पण तयारीने.

‘सर, आरक्षण दहाच वर्षांसाठी होते ना?’ हे हमखास येते. दहा वर्षांची मुदत राज्यघटनेच्या कलम ३३४ मध्ये होती आणि ती लोकसभा-विधानसभेतल्या राखीव जागांपुरती. अनुसूचित जाती-जमातींसाठी ती वाढत वाढत २०३० पर्यंत आली आहे. शिक्षण आणि नोकऱ्यांच्या तरतुदी कलम १५ व १६ मध्ये आहेत, त्यांना अशी मुदतच नाही. ही कलमे मुलांकडून मोठ्याने वाचून घेतली की निम्मा गोंगाट शमतो. आरक्षण १९५० नंतरच आले, असे वाटणाऱ्यांना शाहू महाराजांचा १९०२ सालचा ५० टक्के जागांचा हुकूम सांगावा.

पहिल्याच तासाला उघड वाद नको. पाच मिनिटांत प्रत्येकाने बिननावाच्या चिठ्ठीवर एक प्रश्न लिहावा. चिठ्ठ्या घरी नेऊन निवडाव्यात, दुसऱ्या दिवशी शिक्षकांनीच वाचाव्यात. त्या मुलांच्या हाती देऊ नयेत, अक्षर लगेच ओळखू येते. शेवटची पाच मिनिटे मोकळी ठेवावीत. ऐन वादात घंटा झाली तर उरलेला वाद व्हरांड्यात होतो.

‘तू सांग, तुला काय वाटते?’ म्हणून त्या समाजाच्या मुलाला उभे करणे ही सर्वांत मोठी चूक. चौदा वर्षांच्या पोरावर अख्ख्या समाजाची वकिली येऊन पडते. कोणी टोमणा मारलाच, तर त्याला वर्गाबाहेर काढू नये. ‘माणसावर नको, कायद्यावर बोल,’ म्हणून तिथेच थांबवावे. तासानंतर ज्याच्या मनाला लागले त्याच्याशी आधी बोलावे, टोमणा मारणाऱ्याशी नंतर. बहुतेक शाळांत हा क्रम उलटा असतो.

आणि शिष्यवृत्तीचे अर्ज! चर्चा कितीही नीट घेतली, तरी ‘एससीवाले उभे राहा’ असे भर वर्गात पुकारले की मुले तेवढेच लक्षात ठेवतात. जातीचा दाखला पालकांना बंद पाकिटातून चिठ्ठी देऊन मागवावा आणि तो वर्गात न घेता शाळेच्या ऑफिसात जमा करून घ्यावा.

आपला,
एक राज्यशास्त्र शिक्षक, कोल्हापूर