म्हार्दोळची समई राहून गेली: गोव्याच्या पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यटनमंत्री, गोवा राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी फोंड्याची, निवृत्त शिक्षिका. गेल्या महिन्यात माझी कॉलेजातली मैत्रीण सांगलीहून आली. गोवा तिने आधी पाहिला होता, म्हणजे कळंगुटचा किनारा पाहिला होता. या वेळी आल्या आल्या म्हणाली, "मला वाळू नको. चर्च आणि देवळं दाखव, आणि एका दिवसात दाखव. परवा नातवाची मुंज आहे."

टॅक्सीचा आकडा ऐकून ती हसली. "एवढ्यात मी सांगलीहून दोनदा येऊन जाईन की गं!" टॅक्सीवाल्यांशी माझे भांडण नाही, माझा भाचाही तोच धंदा करतो. पण आम्ही बस धरली. फोंडा-पणजी बस ओल्ड गोव्यावरूनच जाते आणि कंडक्टर दारात लोंबकळत "पणजी, पणजी" ओरडत असतो.

ओल्ड गोव्याला बॉम जीझस चर्चच्या दारात मैत्रीण थबकली. "गिलावा करायचा राहिला काय याला?" गिलावा होता, तो 1950 च्या दशकात काढला. 1594 साली काम सुरू होऊन 1605 मध्ये पवित्र झालेल्या या वास्तूचा जांभा तेव्हापासून उघड्यावर पाऊस खातो आहे. आत सेंट फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी. एक म्हातारी गुडघे टेकून कोकणीत पुटपुटत होती. तिच्यामागे माझ्या मैत्रिणीनेही सवयीने हात जोडले. समोरच्या से कॅथेड्रलला एकच मनोरा, दुसरा 1776 मध्ये कोसळला आणि परत बांधला नाही. त्यावर तिचा शेरा : "आमच्याकडे लगेच वर पत्रा मारला असता."

परतीच्या बसमध्ये, बाणस्तारीच्या पुलावर, तिने विचारले, "काय गं, मोठी देवळं सगळी तुमच्या फोंड्याकडेच कशी? सकाळपासून एक जुनं देऊळ दिसलं नाही."

मंत्रिमहोदय, त्या गचके खाणाऱ्या बसमध्ये मी तिला सांगितले, की मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा. 1560 मध्ये पोर्तुगिजांच्या भयाने भक्तांनी त्याला अघनाशिनी, म्हणजे आजची जुवारी, ओलांडून प्रियोळला, म्हणजे आजच्या मंगेशीला, आणले, कारण ही बाजू तेव्हा आदिलशाहीत होती. म्हाळसा वेर्ण्याहून आली, शांतादुर्गा केळशीहून. फोंडा पोर्तुगिजांकडे गेला तो थेट अठराव्या शतकात. ती गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे सकाळी बघितलं ते आणि आता बघणार ते, ही एकच गोष्ट आहे."

एवढेच मला आपल्याला सांगायचे आहे. पर्यटकाला आपण 'पॉइंट' मोजून देतो. वीस मिनिटे चर्च, वीस मिनिटे देऊळ, मध्ये काजूचे दुकान. मधला रस्ता झोपेत जातो आणि गोष्ट त्या रस्त्यावर आहे.

मंगेशीला पांढऱ्या सातमजली दीपमाळेखाली ती बराच वेळ उभी होती. मास्टर दीनानाथ 1900 मध्ये याच गावात जन्मले, आणि मंगेशकर कुटुंब पुढे सांगलीत राहिले. "आमच्याच गावात की!" हे तिने ओळख ना पाळख अशा फुलवालीलाही ऐकवले. फुलवालीने दोन वळेसर जास्त दिले.

तिथून घोळ झाला. म्हार्दोळला म्हाळसेची ती उंच पितळी समई आरतीच्या वेळी पाहू, आधी आतले कवळे उरकू, असे ठरवले. कवळ्याला पोचलो, शांतादुर्गेचे निवांत दर्शन झाले. निघताना मात्र फाट्यावर पाऊण तास. मैत्रिणीच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले, बसायला बाकडे नाही. फणसाखाली कुणाच्या तरी बांधकामाचा चिरा पडला होता, त्यावर रुमाल टाकून ती बसली. एक बस आली ती भरलेली, थांबलीच नाही. दुसरी येईपर्यंत आरती होऊन गेली असणार.

मागणी साधी आहे. फोंडा बसस्थानकावरून कवळे, रामनाथी, म्हार्दोळ, मंगेशी, ओल्ड गोवा अशी एक छोटी बस दिवसभर फिरू द्या, दोन्ही दिशांनी, एकाच दिवसाच्या तिकिटावर. वातानुकूलित नको, कुठेही हात दाखवला की थांबणारी हवी. फुलांच्या बुट्ट्या घेऊन जाणाऱ्या बायका आणि शाळेची मुलेही तिच्यातच बसतील, रिकामी धावणार नाही. बसमध्ये एक फलक लावा, मराठी, कोकणी, इंग्रजीत : कोणता देव कोणत्या गावाहून, कोणती नदी ओलांडून आला. आणि फाट्यांवर बाकडे, वर छप्पर.

झेवियरच्या फेस्ताला, 3 डिसेंबरला, मैत्रीण पुन्हा येते म्हणाली आहे. समई तेव्हा बघायची ठरली आहे. बस तोवर होणे कठीण, हे मला कळते. बाकडे तरी जमेल का?

आपली नम्र,
फोंड्याची एक रहिवासी