हिडकलची पातळी उन्हाळ्यातही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात आपल्या अंकात घटप्रभा नदीवरच्या हिडकल जलाशयाची पातळी रोज वाचायला मिळते. २१७५ फुटांना धरण भरलं की दारांचा फोटोही येतो. थंडी पडली की हा आकडा जो गायब होतो, तो थेट मृगाच्या तोंडावर उगवतो. मला मात्र त्याची गरज लागते फाल्गुन-चैत्रात.

मी संकेश्वरात शिवणकाम करतो. सोमवारी दुकान बंद. पहाटे गाडीला गळाची काठी बांधायची, डब्यात गांडुळं घ्यायची आणि हिडकलचा काठ गाठायचा. यंदा शिमगा झाल्यावर पाण्याच्या कडेला एक काटकी रोवून आलो. पुढच्या सोमवारी बघतो तर पाणी काटकीपासून अकरा पावलं मागे. कालव्याला पाणी सोडलेलं. चिलापी (तिलापिया) माशाच्या नरांनी उथळात केलेले ताटाएवढे खळगे कोरडे पडून त्यांना भेगा गेल्या होत्या. अंडी त्यात नसतात म्हणा. मादी ती तोंडात धरून फिरते. शेजारच्या जाळेवाल्यानं काढलेल्या एका मादीनं माझ्यासमोर चिखलात पिवळी अंडी ओकली. पाणी मागे सरलं तरी या जातीच्या अंड्यांचं काही बिघडत नाही, ते असं.

बिघडतं आमचं. पातळी दोन-तीन दिवस स्थिर असली की चिलापी आठच्या आत गळाला लागते. पाणी उतरतं असलं की मासा काठ सोडून खोलात जातो आणि गळाच्या दोरीवर तरंगणारी पिसाची काडी तासन्‌तास हलत नाही. दहानंतर तर ऊन तापतं, मग कुणीच खात नाही.

दुसरी गोष्ट गाळाची. नुकताच उघडा पडलेला गाळ वरून वाळल्यासारखा दिसतो, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. गेल्या वर्षी माझी एक चप्पल तिथेच राहिली. पाणी आठवड्यात किती उतरलं हे घरीच कळलं असतं, तर मी त्या अंगाला गेलोच नसतो.

सोन्याचा भाव आपण रोज छापता. त्याच्याखाली एक ओळ द्यावी. पण फुटांत द्या. टीएमसीवरून (अब्ज घनफूट पाण्यावरून) काठ कुठे सरकला ते मला तरी उमगत नाही.

कळावे,
एक शिंपी, संकेश्वर (ता. हुक्केरी)