ताई, ते सूत अजून खिशात आहे

ताई,

सप्रेम नमस्कार. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेलवाला म्हटलं की ओळखाल. श्वासाचे व्यायाम शिकायला आलो, त्या पहिल्या दिवशी तुम्ही मला खुर्चीत बसवलंत आणि पाच मिनिटं नुसतं बघत राहिलात. मग म्हणालात, "काका, तुम्ही तोंडाने श्वास घेताय. आणि मिनिटाला 22 वेळा." मनात म्हटलं, आजार रात्रीचा, आणि ही पोरगी दिवसाचं काय मोजतेय?

माझ्या घोरण्याला घरात 'तिसरी पाळी' म्हणायचे. बायको हॉलमध्ये झोपायला लागली होती. सात रस्त्याच्या सिग्नलला स्कूटरवर डुलकी लागली, तेव्हा कुठे स्लीप स्टडी केली. तासाला 28 वेळा श्वास अडत होता, दर वेळी निदान 10 सेकंद. डॉक्टर म्हणाले, स्लीप अ‍ॅप्निया, आणि झोपेत मास्कमधून हवा देणारं सीपॅप मशीन दिलं. पण सोलापूरचा मे महिना, त्यात तोंडावर मास्क! आठ दिवसांत मशीन कपाटावर गेलं. श्वासाच्या व्यायामाने मशीन सुटतं असं कुणीतरी सांगितलं, म्हणून तुमच्याकडे आलो. खरं तर सुटका मागायलाच आलो होतो.

ती तुम्ही दिली नाहीत. हे पत्र मुख्यतः त्यासाठी. "झोपेत घसा सैल पडतो, जीभ मागे जाते, वाट बंद होते," तुम्ही म्हणालात. "मशीन हवेच्या दाबाने ती वाट उघडी धरतं. व्यायामाने स्नायू घट्ट व्हायला महिने लागतात. तोवर मशीन काढणार असाल तर मी शिकवणार नाही." मी फी परत मागायच्या बेतात होतो, हेही आज कबूल करतो.

मग तुम्ही माझ्याच टॉवेलच्या दशीतून एक सूत ओढलंत आणि माझ्या नाकासमोर धरलंत. श्वास सोडताना ते हलता कामा नये. पहिल्या दिवशी ते सूत पतंगाच्या शेपटीसारखं उडत होतं. ओठ मिटलेले, खांदे खाली, पोट हळूच वर, आणि थोडी हवा कमी पडतेय असं वाटलं तरी घाई नाही. ही पद्धत 1950 च्या दशकात सोव्हिएत डॉक्टर बुटेको यांनी काढली, असं सांगितलंत. दम्यावर तिचा बराच अभ्यास झालाय, माझ्या आजारावर पुरावा थोडाच आहे, हेही तुम्हीच सांगितलंत. स्वतःच्या मालातला दोष आधी दाखवणारा माणूस मी बाजारात फारसा पाहिलेला नाही.

जिभेच्या व्यायामावर तुमचा भरवसा जास्त. जीभ टाळूला चिकटवून 'टक्' करायचं, जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकवून मागे सरकवायचं. नातू माझी नक्कल करून दमला. स्वित्झर्लंडमधल्या 25 रुग्णांची गोष्ट मात्र मला फार आवडली. त्यांच्यातल्या काहींनी चार महिने डिजेरिडू नावाचं लांबलचक वाद्य फुंकलं आणि त्यांची दिवसाची पेंग कमी झाली. तो अभ्यास 2006 साली छापून आला होता. मी विचारलं, मग आपल्या सोलापूरची सुंदरी, ती छोटी सनई, वाजवली तर? तुम्ही हसून म्हणालात, "आधी जीभ टाळूला लावा."

सहा महिन्यांनी मशीन न लावता पुन्हा तपासणी झाली. 28 चे 17 झाले होते. वजनही सहा किलो उतरलंय, त्यामुळे श्रेय कुणाला किती, ते डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही. मशीन चालूच आहे. फरक इतकाच, की आता तोंड मिटलेलं राहतं, हवा बाहेर पळत नाही, सकाळी घशाला कोरड नसते. त्यामुळे मास्क रात्रभर टिकतो.

बायको परत खोलीत झोपते. धुण्याच्या वेळी शर्टाच्या खिशातून सूत निघालं, तर ती फेकत नाही. खिडकीच्या गजाला गुंडाळून ठेवते.

तुमचा,
टॉवेलवाले काका