गुपित कंपनीचं, पण डोकं कोणाचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरीत असताना माणसानं काही नवीन शोधलं तर ते कोणाचं, यावर आपल्याकडं फारसं कोणी बोलत नाही, आणि आता ट्रेड सिक्रेटसाठी, म्हणजे कंपन्यांच्या धंद्यातल्या गुपितांसाठी, वेगळ्या कायद्याची चर्चा सुरू झालीय म्हणून हे पत्र. मार्च 2024 मध्ये विधी आयोगानं 289 वा अहवाल दिला, त्याला विधेयकाचा मसुदाही जोडलाय. कंपनीचं गुपित जपलंच पाहिजे, त्याबद्दल माझं दुमत नाही. कोणीतरी ड्रॉइंगच्या फाइली पेनड्राइव्हवर टाकून दुसऱ्या कंपनीत जातो तेव्हा सगळ्या टीमची मेहनत जाते. पण ते गुपित ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला काय मिळणार, हे पण त्याच कायद्यात यायला पाहिजे की नको?

आपला 1970 चा पेटंट कायदा नोकरदाराच्या शोधाबद्दल गप्प आहे. अर्ज खरा शोधक करू शकतो किंवा ज्याला त्यानं हक्क लिहून दिला तो, बस्स. म्हणजे सगळं अपॉइंटमेंट लेटरवर येतं. भोसरी-चाकणकडं कामाला लागणारी बावीस-तेवीस वर्षांची पोरं जॉइनिंगच्या दिवशी एचआरनं पुढं केलेल्या कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या करत सुटतात, त्यातच कुठंतरी लिहिलेलं असतं की नोकरीच्या काळात जे काही शोधाल ते कंपनीचं, मग ते रात्री घरी बसून केलेलं का असेना. कॅलिफोर्नियात असा करार पूर्ण चालत नाही, तिथं स्वतःच्या वेळेत, कंपनीचं सामान न वापरता आणि कंपनीच्या धंद्याशी संबंध नसलेलं काही केलं तर ते माणसाचंच राहतं.

पेटंट घेतलं तर निदान शोधकाचं नाव तरी लागतं. माझा खरा मुद्दा पुढचा आहे. कंपनीनं ठरवलं की पेटंट नको, ही प्रोसेस गुपितच ठेवू, तर शोधणाऱ्याचं नाव कुठंच येत नाही. बायोडेटात लिहिता येत नाही, दुसरीकडं मुलाखतीत सांगता येत नाही, आणि वर एनडीए, म्हणजे गुपित न फोडण्याचा करार, आहेच. रिजेक्शन, म्हणजे खराब निघणारा माल, निम्म्यावर आणणाऱ्या माणसाला कैझेनचं (कामातल्या छोट्या सुधारणेचं) सर्टिफिकेट आणि नोटिसबोर्डावर फोटो, एवढ्यावर विषय संपतो. जर्मनीनं यावर 1957 मध्येच कायदा केलाय. त्याच्या कलम 17 प्रमाणं कंपनी शोध गुपित ठेवू शकते, पण शोध पेटंटच्या लायकीचा आहे हे तिला मान्य करावं लागतं आणि मोबदला ठरवताना पेटंट न घेतल्यामुळं माणसाचं जे नुकसान झालं तेही धरावं लागतं. जर्मन कंपन्या यामुळं बुडाल्या असं कोणी म्हणणार नाही.

जपानचं निळ्या एलईडीचं प्रकरण तर आपल्या प्रत्येक इंजिनिअरला माहीत पाहिजे. निळा एलईडी बनवणारे शुजी नाकामुरा निचिया कंपनीत होते, ज्या पेटंटवर पुढं भांडण झालं त्याबद्दल त्यांना 20,000 येन बक्षीस मिळालं होतं. नोकरी सोडून ते अमेरिकेत शिकवायला गेले, तर कंपनीनं तिकडं त्यांच्यावर ट्रेड सिक्रेटचा आरोप ठेवून केस घातली, मग 2001 मध्ये त्यांनी टोकियोत कंपनीवर दावा लावला. 2004 च्या जानेवारीत कोर्टानं 2,000 कोटी येन द्यायला सांगितले, आणि पुढच्याच वर्षी अपिलात साधारण 84 कोटी येनवर तडजोड झाली. 2014 मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. ब्रिटनमध्ये युनिलिव्हरच्या नोकरीत असलेल्या इयान शँक्स यांनी 1982 मध्ये रक्तातली साखर तपासायच्या उपकरणाचा पहिला नमुना घरी, मुलीच्या खेळण्यातल्या मायक्रोस्कोपच्या काचा वापरून बनवला, तरी हक्क युनिलिव्हरकडंच गेला, पण तिथल्या कायद्यात मोबदल्याचं कलम असल्यामुळं 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं 20 लाख पौंड दिले. तोवर दावा लावून तेरा वर्षं झाली होती. आपल्याकडं तर इतका दम धरून लढायचं म्हटलं तरी असं कलमच नाही.

आणि भीती दाखवली जाते ती वेगळीच. कल्याणच्या सेंच्युरी कंपनीच्या टायरकॉर्ड (टायरमधला धागा) विभागातला एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार मोडून राजस्थानातल्या कोटा शहरातल्या कंपनीत गेला, त्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं 1967 मध्ये कराराची मुदत संपेपर्यंतची बंदी मान्य केली. ती मुदतीपुरती. नोकरी संपल्यावर पोटापाण्याचं काम अडवणारी अट 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 नुसार चालत नाही, तरी राजीनामा देणाऱ्याला नोटीस पाठवून घाबरवतात आणि पोरं घाबरतात, कारण वकिलाची फी कुठून आणायची. नवीन कायदा आला की ह्या नोटिशीला आणखी धार येईल.

म्हणून आपल्या खासदारांना सांगणं आहे, हा विषय संसदेत येईल तेव्हा दोन गोष्टी मागून घ्या. गुपित ठेवलेल्या शोधाची लेखी पोच शोधकाला मिळावी आणि मोबदला पगारापेक्षा वेगळा असावा. आणि अनुभवानं हाताला बसलेलं कसब हे गुपित नाही, हे साध्या भाषेत कायद्यात यावं. आपल्या पेपरनं एखाद्या जाणकार वकिलाकडून यावर लेख लिहून घेतला तर इथल्या टूलरूममधल्या शेकडो जणांना उपयोग होईल.

आपला,
एक डिझाइन इंजिनिअर, चिंचवड
(नाव छापू नये ही विनंती)