चोच सापडली

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार. पत्रास कारण की, काल जुनी हत्यारपेटी उपसताना आपली चोच सापडली, इंजिन ऑइलचा डबा भोसकून तेल ओतायची ती पात्याची नळी. अगदी तळाला होती, गंजलेल्या पान्यांखाली, तेलकट फडक्यात गुंडाळलेली. फडकं सोडायच्या आधीच बोटांनी ती ओळखली. तासभर रॉकेलमध्ये भिजवून घासली तेव्हा पातं पुन्हा चमकलं. टोकाजवळची बारीक खाच अजून तशीच आहे. घाईत तू तिनं रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं होतंस, आठवतं? रात्री झोप लागेना, म्हणून तुला लिहायला बसलो.

परवा एका तरुण पोराला विचारलं, पूर्वी ऑइलचा डबा कसा उघडायचे सांग. "झाकण फिरवून," तो म्हणाला. त्यानं प्लास्टिकच्या बाटल्याच पाहिलेल्या, तो तरी दुसरं काय सांगणार! मग मी त्याला सांगत बसलो. डब्याला झाकण नसायचंच. वरही पत्रा, खालीही पत्रा, दोन्हीकडच्या कडा दुमडून बंद केलेल्या. आत शिरायचं तर भोसकूनच.

आणि ते भोसकणं आपल्याला शिकावं लागलं. मिस्त्री म्हणायचे, पातं काठाला लागून आतल्या बाजूला टेकव, नळी काठाबाहेर झुकू दे, आणि तळव्याचा भार एका दमात दे. भीत भीत दाबलंस तर पत्रा नुसता दबतो, फाटत नाही. नीट जमलं की 'खच्च' असा एकच आवाज यायचा. पात्याच्या कडेनं मधाच्या रंगाचा एक थेंब वर यायचा आणि नव्या तेलाचा तो गोडसर वास सुटायचा. इतक्या वर्षांनंतरही, दिनू, तो वास मला डोळे मिटून ओळखता येईल.

माझा पहिला डबा तुझ्यासमोरच फसला होता. तो पुठ्ठ्याच्या अंगाचा होता. वर-खाली पत्रा आणि मधे गुंडाळलेला पुठ्ठा, आतून अस्तर लावलेला. अंगात पत्र्याच्या डब्याचं बळ नाही. माझा हात तिरका पडला, पातं घसरलं, काठाजवळचा पुठ्ठा चेपला आणि तेल थेट तापलेल्या एक्झॉस्टवर गेलं. निळा धूर पाहून मी जागीच थिजलो. तू आधी मला मागे ओढलंस आणि मग भुसा आणायला धावलास. त्या दिवशी तू मला एका शब्दानंही बोलला नाहीस. हे तुला कधी सांगितलं नव्हतं, आज लिहितो आहे.

चोच हरवली की ओपनरनं दोन तिकोनी भोकं पाडायची, एक मोठं ओतायला आणि समोरासमोर एक लहान, हवेसाठी. लहान भोक विसरलं की तेल गचके देत यायचं आणि निम्मं नरसाळ्याबाहेर जायचं. थंडीत घट्ट होणारं सिंगल ग्रेडचं जाड तेल असलं तर आणखीच सावकाश. धार बारीक होत होत दोऱ्याएवढी व्हायची, तरी तुटायची नाही. आपण दोघं ती धार बघत उभे राहायचो, आणि आपल्या अर्ध्या गप्पा त्याच वेळात झाल्या.

हे डबे आले कशामुळे ते मला फार उशिरा कळलं. त्याआधी तेल पिंपात यायचं. पिंपातून काचेच्या बाटलीत काढायचे, बाटलीच्या तोंडावर पत्र्याचं निमुळतं शंकूसारखं टोपण, आणि त्यातूनच इंजिनात ओतायचे. काचेतून रंग दिसायचा खरा, पण चांगल्या नावाच्या बाटलीत हलक्या प्रतीचं तेल भरलेलं असलं तर गिऱ्हाइकाला काय कळणार? म्हणून अमेरिकेत १९३० च्या दशकात सीलबंद डबे आले, एक क्वार्टचे, म्हणजे सुमारे ०.९५ लिटरचे. डबा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत फुटायचा. मिस्त्री मालकाला बॉनेटजवळ बोलावून मगच चोच का मारायचे, याचा उलगडा मला तेव्हा झाला. आपल्याला वाटायचं ती त्यांची सवय आहे. ते त्यांचं इमान होतं.

मापही कसं चोख होतं बघ. बहुतेक गाड्यांच्या डिपस्टिकवर, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायच्या पट्टीवर, खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण लिटरभराचंच अंतर. खालच्या खुणेला टेकलं की एक डबा, हिशेब संपला. फोडलेला डबा पुन्हा बंद होत नाही, म्हणून तो फोडायच्या आधी डिपस्टिक पुसून दोनदा बघायची. ती दोनदा बघायची सवय माझ्या हाताला अजून आहे.

१९८० च्या दशकात प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि बघता बघता डबे गेले. बाटली सोयीची आहे, हे मी मानतो. अर्धी वापरून ठेवता येते, कडेच्या पारदर्शक पट्टीतून किती उरलं ते दिसतं, बोट कापत नाही. पण रिकामी झाली की ती कचराच. आपल्या डब्यांत खिळे राहिले, वॉशर राहिले, ब्रश भिजले. आणि रात्री गॅरेज बंद करताना दिवसभराचे रिकामे डबे आपण नरसाळ्यावर एकेक उपडे ठेवायचो. सकाळी खालच्या भांड्यात चांगलं वाटीभर तेल जमायचं. बिजागऱ्या, साखळ्या, कुलपं, सगळी त्याच्यावर चालायची.

गेल्या वर्षी तू लिहिलं होतंस की तुझ्याकडे अजून एक न फोडलेला डबा आहे, पत्र्याचा, रंग उडालेला. आजच्या इंजिनात ते तेल घालता येणार नाही. पण कुलपाला नक्की चालेल. फोडावा असंही वाटतं आणि तसाच राहावा असंही. तू येशील तेव्हा तो घेऊन ये. काय करायचं ते तूच ठरव, चोच मी पुसून ठेवली आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसंता