पोटापाण्याचं झालं, पुढे काय

मित्रा,

तुझा मेसेज मिळाला, "परत चर्चला जायला लागलास म्हणे, काय झालं रे अचानक?" फोनवर सांगितलं असतं तर तू नेहमीसारखं हसण्यावारी नेलं असतंस म्हणून लिहितोय.

शाळेत एकानं मला "पोटासाठी बाटलेले" म्हटलं होतं आणि तू त्याची कॉलर धरलीस, आठवतं? खरं सांगू, तो अगदीच खोटं बोलत नव्हता. आमचे पणजोबा 1900 च्या दुष्काळात, आठ-नऊ वर्षांचे पोर असताना नगरच्या मिशनमध्ये आले ते भाकरीसाठीच. मला याची लाज वाटायची. पण परवा उपासनेत बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचला. येशूनं पाच हजार माणसं जेवू घातली ती जवाच्या पाच भाकरींवर, म्हणजे गरिबाच्या धान्याच्या, आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसं येशूला शोधत कफर्णहूम गावाला आली, तर तो सरळ तोंडावर म्हणतो की तुम्ही पोटभर खाल्लंत म्हणून आलात. पण बघ ना, आदल्या दिवशी आधी जेवायला घातलं, हे बोलणं नंतर. मग "जीवनाची भाकर मी आहे" म्हटल्यावर बरेच जण उठून चालते झाले. त्याचा शिष्य पेत्र मात्र म्हणाला, प्रभू, आम्ही कोणाकडे जाणार?

तिथं मला पणजोबा दिसले रे. पाऊस आला, ज्वारी पिकली, गावी परत जाता आलं असतं की, भाकरीचं काम तर संपलं होतं. राहिले. आजी सांगायची की म्हातारपणी डोळे गेले तरी पहाटे उठून बायबलमधली स्तोत्रं पाठ म्हणायचे, तेविसावं म्हणताना आवाज कापायचा.

आणि माझं काय? टू बीएचके, गाडी, ईएमआय वेळेवर, फ्रीज भरलेला, तरी रात्री अकराला फ्रीज उघडून नुसता उभा राहतो, भूक नसते, बंद करतो, मोबाईल घेतो, परत उघडतो. बायको म्हणाली, तू काय शोधतोयस? उत्तर नव्हतं. डॉक्टरकडेही जाऊन आलो, रिपोर्ट सगळे नॉर्मल.

मग एका रविवारी गेलो, मागच्या बाकावर बसलो. प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून पाव आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. पावाचा नखाएवढा तुकडा असतो, स्लाइसच्या कडा कापून केलेला, आणि औषधाच्या टोपणाएवढ्या पेल्यात द्राक्षाचा रस. एवढ्यानं काय होणार, पण तो तुकडा जिभेवर विरघळेपर्यंत मी दुसरा कसलाच विचार केला नाही, कित्येक महिन्यांनी. चमत्कार वगैरे काही नाही हं. पुढच्या रविवारी परत गेलो, बस.

पाळकसाहेबांचं प्रवचन लांबतं, कधी कधी डुलकी लागते. आणि फ्रीज अजूनही उघडतोच, पण कमी. प्रार्थनेत "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" म्हणताना हल्ली "आज" वर अडखळतो, आमच्याकडे तर महिन्याचा किराणा भरलेला असतो.

नाताळला ये. आईनं तुझ्यासाठी करंज्या वेगळ्या ठेवायचं आत्तापासूनच ठरवलंय.

तुझाच